‘उद्या ये’ न म्हणण्याचे काम

२००९ साली बेळगावातील एका पदवी महाविद्यालयात समाजशास्त्राची अर्धवेळ अध्यापिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा माझ्या नेमणूकपत्रात आठवड्याचे तास, तासाचे मानधन आणि शेवटी ‘प्राचार्य सांगतील ती इतर कामे’ एवढाच मजकूर होता. आज ज्याला मी माझा व्यवसाय म्हणते तो सगळा त्या शेवटच्या ओळीतून निघाला. रुजू होऊन आठवडा झाला नव्हता तोच प्राचार्यांनी बोलावून सांगितले की शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारे गृहस्थ निवृत्त झाले आहेत, तुमचे तास कमी आहेत, तेव्हा उरलेला वेळ त्या टेबलावर बसत जा. ते टेबल जिन्याखाली होते. वरून मुले धावत गेली की चुन्याची पूड अर्जांवर पडायची आणि रांग ग्रंथालयाच्या दारापर्यंत जायची.

गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली होती. ती नुकतीच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवीधर, झाली आहे, आणि महाविद्यालयातच राहून विद्यार्थ्यांसाठी काम करायचे, शिकवायचे मात्र नाही, असे तिच्या मनात आहे. ‘मॅडम, यासाठी अर्ज कुठे करायचा?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचे उत्तर नव्हते. चहा संपेपर्यंत तिला जे तुटक तुटक सांगितले ते येथे नीट लिहून काढत आहे.

अनुदानित पदवी महाविद्यालयात अध्यापक, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक आणि कार्यालयीन कर्मचारी अशी पदे असतात. विद्यार्थी कल्याण या नावाचे स्वतंत्र पद सहसा नसते. काम मात्र असतेच, आणि ते घरातल्या कामासारखे ज्याच्या त्याच्या अंगावर पडलेले असते. शिष्यवृत्ती एका कारकुनाकडे, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) एका अध्यापकाकडे, मुलींच्या तक्रारी सर्वांत ज्येष्ठ बाईंकडे आणि वसतिगृह बहुधा नुकत्याच लागलेल्या अविवाहित अध्यापकाकडे, कारण त्याला राहायला खोली हवी असते. अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र व्यवसाय होऊन शंभर वर्षे झाली. तेथील विद्यार्थी-अधिष्ठात्यांची संघटना १९१९ पासूनची आहे, आणि विद्यार्थ्याकडे केवळ परीक्षार्थी म्हणून न पाहता संपूर्ण माणूस म्हणून पाहावे, ही भूमिका अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने १९३७ मध्ये लेखी मांडली. तेथे या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते. आमच्याकडे ‘चार्ज’ मिळतो.

त्यामुळे शिरण्याच्या वाटा तीन. पहिली अध्यापनाची, म्हणजे नेट किंवा के-सेट ही अध्यापकाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन शिकवायला लागायचे आणि असे चार्ज मागून घ्यायचे. दुसरी खासगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांची आणि अभिमत विद्यापीठांची, जेथे समुपदेशक, प्लेसमेंट अधिकारी, वसतिगृहाचे रेक्टर अशी पगारी पदे निघतात. बेळगाव हे १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय असल्याने आणि केएलईसारखी १९१६ पासूनची मोठी शिक्षणसंस्था येथे असल्याने शहरात अशा जागा इतर सीमाभागापेक्षा अधिक आहेत. तिसरी वाट कार्यालयाची. तिसरीला कोणी प्रतिष्ठा देत नाही, पण हे काम खरोखर येत असलेली जी माणसे मी पाहिली त्यातली निम्मी तिथूनच आलेली होती.

मला शिकवले तेही कार्यालयातल्याच एका माणसाने. आमचे सुपरिंटेंडेंट कन्नडभाषक होते, मराठी उत्तम बोलत, फक्त वाक्याचा शेवट कानडी हेलात वर उचलत. माझ्या टेबलावरून एका मुलाला मी ‘उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही, उद्या ये’ असे सांगून परत पाठवले, ते त्यांनी आपल्या खुर्चीवरून ऐकले. रांग संपल्यावर ते जवळ आले. “मॅडम, उद्या ये असं म्हणू नका हं. तो कणकुंबीचा आहे. उद्या यायचं म्हणजे त्याला दोन बस आणि कुणाकडून तरी मागितलेले पैसे. आज काय होतंय ते आज करायचं, आणि उद्या यायचंच असेल तर कुठल्या खिडकीवर, काय घेऊन, ते कागदावर लिहून द्यायचं.” त्या दिवसापासून मी टेबलावर पाठकोऱ्या कागदांची वही ठेवली. कोणते कागद हवेत, कोठे मिळतात, तेथे कोणाला भेटायचे, हे चार ओळींत लिहून फाडून द्यायचे. पुढे छापील फॉर्म आले, पोर्टल आले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले, तरी ती वही मी सोडलेली नाही.

या कामात येऊ इच्छिणाऱ्यांना बहुधा समुपदेशन, नेतृत्व, व्यक्तिमत्त्व विकास असे शब्द आवडतात. माझा अनुभव असा की विद्यार्थी प्रथम कागद घेऊन येतो. कागदाचे काम झाले, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेस मनातले बोलतो. म्हणून कागद यायला हवेत. राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरताना जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे आरडी नंबर (दाखल्यावरचे क्रमांक) लागतात, ते दाखले नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, निघतात, त्यासाठी गावच्या तलाठ्याचा अहवाल लागतो (कर्नाटकात पदाचे नाव वेगळे असले तरी आमच्याकडे अजून सगळे तलाठीच म्हणतात), आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात. हे एका दमात लिहिले, पण या साखळीतली प्रत्येक कडी एकेका मुलाचे वर्ष अडवू शकते. पैसे ‘आले नाहीत’ म्हणून रडत आलेल्या एका मुलीचे पैसे चार महिन्यांपूर्वीच जमा झाले होते. फक्त ते तिने लहानपणी शाळेत काढलेल्या आणि विसरलेल्या खात्यात गेले होते.

सीमाभागाची म्हणून एक खास अडचण आहे, ती मी अन्य कोठे लिहिलेली पाहिली नाही. जांबोटीकडच्या एका मुलाचे नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेत शिकलेला असल्याने त्याच्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर इंग्रजीत ते डी-एन-वाय असे सुरू होत होते. आधार केंद्रावरच्या कन्नडभाषक ऑपरेटरने तेच नाव आपल्या पद्धतीप्रमाणे जे-एन असे लिहिले होते. पोर्टलच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे झाली आणि अर्ज पुढे सरकेना. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तो मला विचारत होता, “मॅडम, माझं नाव चुकलंय का?” नाव चुकलेले नाही, दोघांनी ते आपापल्या भाषेत ऐकले आहे, हे त्याला समजावायला मला पाच मिनिटे लागली आणि दुरुस्तीला पाच आठवडे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येत असल्याने घाईने काही तरी भरून मोकळे होण्याचीही सोय नव्हती. आता प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या दिवशीच मी ज्ञानेश्वर, ज्ञानेश्वरी, प्रज्ञा, यज्ञेश अशी नावे यादीतून वेगळी काढते आणि त्यांची दोन्ही कागदपत्रे आधी पाहते.

येथे मला कन्नड शिकावे लागले, हे वेगळे सांगायला नको. बोलता येत होते, वाचता येत नव्हते. सरकारी परिपत्रक कन्नडमध्ये येते, त्याला सगळे ‘सुत्तोले’ म्हणतात, आणि पहिली दोन वर्षे मी प्रत्येक सुत्तोले कोणाकडून तरी वाचून घेत होते. वाचून देणारा आपल्याला महत्त्वाचे वाटते तेवढेच सांगतो. तारीख सांगतो, अपवाद सांगत नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरे गिरवायला बसले, आणि सहा महिन्यांत परिपत्रकातला अपवादाचा परिच्छेद स्वतः शोधता येऊ लागला. भाषेच्या प्रश्नावर माझी मते जी आहेत ती आहेत. पण मराठी मुलाचे काम कन्नड कागदावाचून अडत असेल, तर तो कागद वाचणे हे मी मराठीचेच काम समजते.

हद्दीपलीकडच्या मुलांचे आणखी निराळे. चंदगड तालुक्यातून मुली बेळगावात शिकायला येतात. वर्गात एका बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी उचगावच्या मुलीला जून २०२३ पासून स्त्रियांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे कर्नाटकाच्या बसला तिकीट लागत नाही. चंदगडच्या मुलीला त्याच बसमध्ये लागते, कारण तिच्या आधारकार्डावरचा पत्ता महाराष्ट्रातला आहे. शिष्यवृत्तीचेही तसेच. हे प्रवेशाच्या वेळी सांगितले तर पालक हिशेब करून निर्णय घेतात, नोव्हेंबरमध्ये कळले तर मुलगी घरी बसते. प्रवेश समितीत विद्यार्थी कल्याणाचे माणूस असायलाच हवे, असा माझा हट्ट आहे तो याच कारणाने.

एनएसएसबद्दल थोडे. अध्यापनाच्या वाटेने येणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना. एका युनिटमध्ये साधारण १०० स्वयंसेवक, वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर. शिबिराच्या सात दिवसांत कार्यक्रम अधिकाऱ्याला गावच्या पंचायतीशी बोलणी, पन्नास पोरांचा स्वयंपाक, मुलींच्या झोपण्याची जागा, रात्री दोनला कोणाला ताप आला तर गाडी आणि शेवटी पै न् पैचा हिशेब, हे सगळे करावे लागते. खानापूर तालुक्यातल्या माझ्या पहिल्या शिबिरात भाजीवाल्या मावशीने पावती द्यायला साफ नकार दिला आणि त्या रकमेवरून लेखापरीक्षणात माझी दीड वर्ष चौकशी चालू राहिली. तेव्हापासून शिबिराला जाताना मी छापील व्हाउचरचे पुस्तक आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड घेऊनच जाते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक, जी सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. द्वितीय वर्षाचा एक मुलगा सकाळच्या तासांना सतत गैरहजर असे आणि पंचाहत्तर टक्के हजेरी भरणे अवघड झाले होते. बोलावून विचारले तेव्हा त्याने सांगितले की तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत रात्रपाळी करतो, पहाटे खोलीवर येऊन झोपतो. त्याच्या तळहातावर भाजल्याचे डाग होते. मला वाईट वाटले आणि त्या भरात, त्याला न विचारता, मी त्याच्या वडिलांना फोन केला. मुलगा इतका कष्टाळू आहे, घरून थोडी मदत करता आली तर पाहा, असे मी फार चांगल्या हेतूने बोलले. वडिलांना यातले काहीही माहीत नव्हते. गावात त्यांनी ‘पोरगा कॉलेजात शिकतोय, आपण पैसे पाठवतोय’ असे सांगितले होते आणि शिकायला गेलेल्या पोराने मजुरी करावी हे त्यांना गावासमोर सोसणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते येऊन मुलाला घेऊन गेले. तो परत आला नाही. जाताना मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने मला एक गोष्ट विश्वासाने सांगितली होती आणि ती कोणाला सांगायची हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होता, ही साधी बाब मला कोणत्याही अभ्यासक्रमात कोणी शिकवली नव्हती, किंवा शिकवली असेल तर मी ती परीक्षेपुरती शिकले होते. आज माझ्या खोलीत येणाऱ्याला मी आधी सांगते की तू सांगशील ते येथेच राहील. जिवाला धोका असेल तर मात्र मला दुसऱ्या कोणाशी बोलावे लागेल, आणि तेही तुला सांगूनच. त्यानंतरच मी समुपदेशनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. आपल्याला पेलणार नाही ते कोणाकडे सोपवायचे, हे त्या प्रशिक्षणाने शिकवले. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून माझ्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे.

नियमांच्या बाबतीत मी थोडक्यात सांगते, कारण ते वाचून मिळण्यासारखे आहेत. रॅगिंगविरोधी यूजीसी नियम मी रुजू झाले त्याच वर्षीचे, २००९ चे. माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांत फिर्याद देण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे, आणि ‘मुलांमुलांतली मस्करी’ म्हणून ते टाळता येत नाही. तक्रार निवारणाचे नियम २०२३ चे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. हे आकडे पाठ असलेला कनिष्ठ कर्मचारीसुद्धा बैठकीत वजन राखून बोलू शकतो. मी अर्धवेळ असताना माझे ऐकले गेले ते एवढ्याच बळावर.

ऑक्टोबरचा शेवट आमच्या कामात वेगळा असतो. एक नोव्हेंबरला शहरात एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन, आणि दोन्हीकडची मुले आपल्याच वर्गात. काही वर्षांपूर्वी एका व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून दोन मुलांची कॅन्टीनमध्ये बाचाबाची झाली. दोघांना समोर बसवून मी भाषेवर एक शब्दही बोलले नाही. दोघेही आंतरमहाविद्यालयीन कबड्डी संघात होते, सामना आठवड्यावर आला होता आणि शिस्तभंगाची कारवाई झाली तर संघातून नाव जाते, एवढा नियम वाचून दाखवला. ते दोघे मित्र वगैरे झाले नाहीत. सामना मात्र दोघेही खेळले.

बढतीविषयी स्पष्टच लिहिते. अर्धवेळ किंवा अतिथी अध्यापक म्हणून कितीही राबलात तरी त्या राबण्याचे वेतनात काही होत नाही; मी पाच वर्षे राबले, मला माहीत आहे. कायम पदावर असाल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापनाशिवाय वसतिगृह, एनएसएस, एनसीसी, करिअर मार्गदर्शन, परीक्षा अशा किमान तीन कामांत सहभाग असल्यास ‘चांगला’ शेरा मिळतो, एक-दोन असल्यास ‘समाधानकारक’. आणि पीएचडी असेल तर पहिली पायरी चार वर्षांत, नसेल तर सहा वर्षांत चढता येते. म्हणजे चौथे, पाचवे, सहावे काम कराल ते कागदोपत्री फुकट. यावरून नाराज होण्यापेक्षा पीएचडी आधी संपवावी, असे मी त्या माजी विद्यार्थिनीला सांगितले. मी उलट केले आणि त्याचे नुकसान अजून भोगते आहे.

पण पायरी आणि प्रगती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या कामात खरा फरक पडला तो ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर. तोवर मी दुसऱ्या महाविद्यालयात पूर्णवेळ आणि विद्यार्थी कल्याण अधिकारी झाले होते, तरी काम जुन्याच पद्धतीने, म्हणजे ओळखीपाळखीने, फोनाफोनीने करत होते. पूर ओसरल्यावर चिकोडी, गोकाक, रामदुर्ग भागातली मुले भिजलेल्या गुणपत्रिका घेऊन आली. एका रिकाम्या वर्गात बाकांवर वर्तमानपत्रे पसरून आम्ही त्या वाळत घातल्या. पंख्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर खडूचे तुकडे ठेवले. एकेका मुलासाठी बोर्डाला, विद्यापीठाला पत्रे लिहिता लिहिता लक्षात आले की मी प्रत्येकावर उपकार करत बसले आहे, आणि मी आजारी पडले तर हे सगळे थांबणार आहे. त्या वर्षीपासून प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येकाचे मूळ कागद डिजिलॉकरमध्ये आहेत की नाहीत हे पाहायचे, नसतील तर तेथेच भरून घ्यायचे, असा नियम केला, आणि हे काम तृतीय वर्षाच्या बारा मुलांवर सोपवले. आता मी त्या खोलीत नसले तरी काम होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात, म्हणजे विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीच्या रकान्यात, आमच्या महाविद्यालयाने हे मोठ्या दिमाखात लिहिले आहे, सोबत माझा हार घातलेला फोटो. वाळणाऱ्या गुणपत्रिकांचा फोटो कोणी काढला नव्हता.

ती माजी विद्यार्थिनी येत्या सोमवारपासून आमच्याकडे मानधनावर येणार आहे. मानधन किती कमी आहे हे तिला दोनदा सांगितले आहे. पहिले दोन महिने शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसायचे, समुपदेशनाचे नंतर पाहू, हेही सांगितले. त्यावर तिचा चेहरा जरा उतरला. कन्नड वाचता येते का, असे विचारले तेव्हा म्हणाली की बसवरच्या पाट्या वाचता येतात. पाठकोऱ्या कागदांची एक वही मी तिच्यासाठी शिवून ठेवली आहे.